व्हर्सायचे सोने: मॉडर्न पेंटॅथलॉन म्हणजे काय, आणि इजिप्तच्या अहमद अल-गेंदीने इतिहास कसा घडवला?

१० ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिक संपायला एकच दिवस उरला होता. फ्रान्सच्या राजांच्या व्हर्साय महालाच्या बागेत तात्पुरते स्टेडियम उभारले होते. तिथे इजिप्तच्या २४ वर्षांच्या अहमद अल-गेंदीने शेवटची रेषा ओलांडली आणि फलकावर आकडा आला, १५५५. हा ऑलिम्पिकचा विक्रम होताच, पण विश्वविक्रमही होता. पुरुषांच्या वैयक्तिक मॉडर्न पेंटॅथलॉनचे सुवर्णपदक पहिल्यांदाच आफ्रिका खंडात गेले.

आपल्याकडे या बातमीची चर्चा तशी कमीच झाली. त्या दिवसांत नीरज चोप्राचा भाला, विनेश फोगाटचे वजन आणि हॉकीचे कांस्य यावरच सगळ्यांचे लक्ष होते. शिवाय हा खेळ नेमका काय आहे, हेच अनेकांना माहीत नाही. नाव ऐकून काहींना वाटते की ही धावण्या-उडी मारण्याची स्पर्धा असेल, तर काहींना वाटते नेमबाजीची. म्हणून या लेखात आपण सुरुवातीपासून समजून घेऊ: हा खेळ काय आहे, तो कोणाचा होता, एका इजिप्शियन तरुणाने तो कसा जिंकला आणि आपल्या मुलांसाठी त्यात आता कोणता दरवाजा उघडतो आहे.

एका नजरेत

स्पर्धा: पॅरिस ऑलिम्पिक २०२४, पुरुष वैयक्तिक मॉडर्न पेंटॅथलॉन
तारखा: ८ ऑगस्ट (तलवारबाजीची मुख्य फेरी), ९ ऑगस्ट (उपांत्य फेरी), १० ऑगस्ट (अंतिम फेरी)
ठिकाण: तलवारबाजी नॉर्थ पॅरिस अरीनामध्ये, बाकी सगळे व्हर्सायमध्ये
खेळाडू: ३६, अंतिम फेरीत १८
सुवर्ण: अहमद अल-गेंदी, इजिप्त, १५५५ गुण
रौप्य: ताइशू सातो, जपान, १५४२ गुण
कांस्य: जॉर्जिओ मलान, इटली, १५३६ गुण

पाच खेळ, एकच खेळाडू

‘पेंटा’ म्हणजे ग्रीक भाषेत पाच. प्राचीन ग्रीकांच्या ऑलिम्पिकमध्येही पेंटॅथलॉन होते. त्यात धावणे, लांब उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती असे पाच प्रकार होते. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक मानले जाणारे फ्रान्सचे पिएर द कुबर्तँ यांनी त्याच धर्तीवर नव्या काळासाठी नवा खेळ आणला. ‘मॉडर्न’ हा शब्द त्यातूनच आला. पॅरिसपर्यंत त्यातले पाच प्रकार असे होते:

तलवारबाजी. यात ‘एपे’ नावाची तलवार वापरतात. नेहमीच्या तलवारबाजीत बरेच वार मोजले जातात, इथे मात्र एकच वार. ज्याची तलवार आधी लागली तो जिंकला. एपेमध्ये अंगावर कुठेही वार चालतो, पायाच्या अंगठ्यावरसुद्धा. पॅरिसमध्ये ३६ खेळाडू होते, म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या ३५ जणांशी लढावे लागले. एका दिवसात ३५ लढती आणि प्रत्येक लढत एका वारात संपणारी! थोडे लक्ष विचलित झाले की गेली लढत.

पोहणे. २०० मीटर, फ्रीस्टाइल. यात समोरासमोर कोणाला हरवायचे नसते, घड्याळ हाच प्रतिस्पर्धी. वेळ जितका कमी, तितके गुण जास्त.

घोडेस्वारी. घोड्यावरून अडथळे ओलांडायचे असतात. यातली गंमत, किंवा खरे तर यातली धास्ती, म्हणजे घोडा स्वतःचा नसतो. आयोजक घोडे पुरवतात आणि चिठ्ठी काढून ते वाटले जातात. अनोळखी घोड्याशी ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटे मिळतात. एकही चूक न करता फेरी पूर्ण केली तर ३०० गुण. घोड्याने एक दांडी पाडली की ७ गुण कमी.

लेझर रन. यात धावणे आणि नेमबाजी हे दोन प्रकार एकत्र येतात. पॅरिसमध्ये एकूण ३००० मीटर धावायचे होते. ६०० मीटरचे पाच टप्पे आणि मधे चार वेळा नेमबाजी. दहा मीटर लांबच्या निशाण्यावर लेझर पिस्तुलाने पाच अचूक नेम लागले की पुढे पळायचे. नेम लागलेच नाहीत तर जास्तीत जास्त ५० सेकंद तिथेच अडकून राहायचे.

ज्यांनी धापा टाकत जिना चढून दाराच्या कुलपात चावी घालून पाहिली आहे, त्यांना हे चांगले समजेल. छाती भात्यासारखी चालू असते, हात थरथरतात आणि त्याच हाताने एक बारीकसा गोल नेमायचा असतो. यात ताकदीपेक्षा श्वासावरचा ताबा जास्त महत्त्वाचा.

गुण म्हणजे सेकंद

या खेळाचा शेवट समजायला मात्र अगदी सोपा आहे. तलवारबाजी, घोडेस्वारी आणि पोहणे संपले की सगळ्यांच्या गुणांची बेरीज होते. जो आघाडीवर असेल तो लेझर रनसाठी सर्वांत आधी निघतो. बाकीचे जितक्या गुणांनी मागे, तितके सेकंद उशिरा सुटतात. एक गुण म्हणजे एक सेकंद. त्यामुळे शेवटची रेषा जो आधी ओलांडतो तोच विजेता. प्रेक्षकाला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागत नाही.

आता पॅरिसचा निकाल पुन्हा पाहा. अल-गेंदी १५५५, सातो १५४२, मलान १५३६. म्हणजे सातो साधारण १३ सेकंदांनी मागे होता आणि मलान त्याच्या मागे आणखी ६ सेकंदांनी. जिथे पदकांचा फैसला दोन-पाच सेकंदांत होतो, तिथे १३ सेकंद म्हणजे मोठे अंतर.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. टोकियोत अल-गेंदीला १४७७ गुण होते आणि पॅरिसमध्ये १५५५, म्हणून तो सरळ ७८ गुणांनी सुधारला असे म्हणणे बरोबर नाही. दोन्ही वेळचे नियम वेगळे होते. टोकियोत लेझर रन ३२०० मीटरची होती, पॅरिसमध्ये ३०००. पण पॅरिसमध्ये सगळ्यांना एकच नियम होता आणि त्या दिवशी त्याच्या जवळपास कोणी नव्हते, हे मात्र खरे.

पॅरिसमध्ये स्पर्धा कशी झाली?

पॅरिसमध्ये पहिल्यांदाच उपांत्य आणि अंतिम फेरी अशी रचना होती. ८ ऑगस्टला तलवारबाजीची मुख्य फेरी झाली. त्या दिवशी कमावलेले गुण खेळाडूने पुढे उपांत्य फेरीतही नेले आणि अंतिम फेरीतही. म्हणजे पहिल्या दिवशी जो कमी पडला, त्याला ते ओझे शेवटपर्यंत वाहावे लागले.

९ ऑगस्टला १८-१८ जणांचे दोन गट करून उपांत्य फेरी झाली. प्रत्येक गटातले पहिले नऊ अंतिम फेरीत गेले. अंतिम फेरीत घोडेस्वारी, तलवारबाजीची छोटी बोनस फेरी, पोहणे आणि लेझर रन हे सगळे साधारण दीड तासात उरकायचे होते. पोहण्याचा तलाव स्टेडियमच्या आतच बांधला होता. बूट-हेल्मेट उतरवायचे, तलवार हातात घ्यायची, ती ठेवून पाण्यात उडी मारायची आणि पाण्यातून निघून पिस्तूल उचलायचे. पूर्वी जे चार-पाच दिवस चालायचे, ते एका चित्रपटापेक्षा कमी वेळात बसवले होते.

या मैदानात टोकियोचा विजेता ब्रिटनचा जोसेफ चूंग होता. टोकियोचा कांस्यविजेता आणि २०१८ व २०२२ या दोन्ही आशियाई स्पर्धांचा विजेता, दक्षिण कोरियाचा जुन वूंग-ते हाही होता. दोघांनाही यावेळी पदक मिळाले नाही. टोकियोच्या तिघांपैकी पुन्हा पदकमंचावर उभा राहिला तो एकटा अल-गेंदी. सातोचे रौप्य हे या खेळातले जपानचे पहिले ऑलिम्पिक पदक ठरले.

पाच सेकंदांचे दुःख

अल-गेंदीची कहाणी पॅरिसमध्ये सुरू झाली नाही. २०१८ साली अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला युवा ऑलिम्पिक झाले. तिथे १८ वर्षांच्या अहमदने मुलांच्या वैयक्तिक पेंटॅथलॉनचे सुवर्ण जिंकले. त्याचा भाऊ मोहम्मदही याच खेळातला. म्हणजे घरात एकाच वेळी दोन पेंटॅथलीट.

तीन वर्षांनी टोकियो. कोरोनामुळे वर्षभर पुढे ढकललेले, रिकाम्या खुर्च्यांचे ऑलिम्पिक. ७ ऑगस्ट २०२१ च्या अंतिम लढतीत चूंगला १४८२ गुण मिळाले, अल-गेंदीला १४७७ आणि जुनला १४७०. इजिप्तचा मुलगा पाच गुणांनी, म्हणजे पाच सेकंदांनी मागे राहिला. तरीही ते या खेळातले आफ्रिकेचे पहिले ऑलिम्पिक पदक होते.

पाच सेकंद म्हणजे किती? पिस्तुलाचे एक-दोन नेम चुकले की तेवढा वेळ सहज जातो. पाच खेळांच्या मेहनतीवर अशा एखाद्या क्षणाने पाणी पडू शकते. काहींचा हौसला इथेच संपतो. अहमद परत सरावाला गेला आणि तीन वर्षांनी १३ सेकंदांच्या फरकाने जिंकून आला.

पॅरिसमध्ये इजिप्तला एकूण तीन पदके मिळाली. वेटलिफ्टिंगमध्ये सारा अहमदला रौप्य, तलवारबाजीत मोहम्मद अल-सय्यदला कांस्य आणि सोने फक्त अहमदचे. त्याआधी इजिप्तच्या पुरुष खेळाडूला ऑलिम्पिक सुवर्ण मिळाले होते ते २००४ साली अथेन्सला, कुस्तीगीर करम गाबरला. म्हणजे वीस वर्षांनी ही खुशी परत आली.

काही ठिकाणी ‘मुस्लिम देशाला मिळालेले या खेळातले पहिले सुवर्ण’ असेही लिहिले जाते. ते अचूक नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये कझाकस्तानच्या अलेक्सांदर पारीगिनने हे सुवर्ण जिंकले होते आणि कझाकस्तान मुस्लिमबहुल देश आहे. अहमदचा मान वेगळा आहे: आफ्रिका आणि अरब जगासाठी तो पहिला.

अधिकाऱ्यांचा खेळ

हा खेळ १९१२ साली स्टॉकहोममध्ये ऑलिम्पिकमध्ये आला. त्यामागची कल्पना अशी सांगितली जाते: एक लष्करी अधिकारी शत्रूच्या मुलखात एकटा सापडला आहे. हाताला लागेल त्या घोड्यावर बसून तो निघतो, तलवारीने आणि पिस्तुलाने लढतो, नदी पोहून पार करतो आणि शेवटी धावत आपल्या छावणीत पोहोचतो. अनोळखी घोड्याचा नियम या गोष्टीत चपखल बसतो.

साहजिकच सुरुवातीला हा खेळ लष्करी अधिकाऱ्यांचाच होता. घोडा, तलवार, पिस्तूल आणि सरावाला वेळ हे सगळे परवडणारा दुसरा कोण होता? पहिला विजेता स्वीडनचा गोस्टा लिलियेहोक. त्याच स्पर्धेत अमेरिकेचा एक तरुण लेफ्टनंट पाचवा आला होता. त्याचे नाव जॉर्ज पॅटन, पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला जनरल. लष्करात नसलेला पहिला विजेता व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. तो होता स्वीडनचा लार्स हॉल. त्याने १९५६ मध्येही सुवर्ण जिंकले.

या खेळाने ऑलिम्पिकला दोन बदनाम किस्सेही दिले आहेत. १९६८ साली मेक्सिकोत स्वीडनच्या हान्स-गुन्नार लिलियेनवॉलने नेमबाजीआधी हात थरथरू नये म्हणून बिअर घेतली. तपासणीत दारू सापडली आणि संघाचे कांस्यपदक गेले. ऑलिम्पिकच्या इतिहासात बंदी असलेल्या पदार्थासाठी बाद झालेला तो पहिला खेळाडू. दारू ‘थोडीशीच’ घेतली तर काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी हा किस्सा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा किस्सा १९७६ च्या माँट्रिअलचा. सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेंकोची तलवार अंगाला न लागताच दिवा पेटत होता. ब्रिटनच्या जिम फॉक्सने तक्रार केली. तपासले तर तलवारीच्या मुठीत लपवलेले बटण निघाले. बोरिसला तिथल्या तिथे स्पर्धेबाहेर काढले आणि त्याचा संघही बाद झाला. सांघिक सुवर्ण ब्रिटनने जिंकले.

पुढे खेळ बदलत गेला. १९९६ मध्ये पाचही प्रकार एका दिवसात आले. २००० साली सिडनीत महिलांची स्पर्धा सुरू झाली. २०१२ मध्ये लंडनला धावणे आणि नेमबाजी एकत्र झाली आणि छऱ्यांच्या पिस्तुलाऐवजी लेझर आले.

या सगळ्या इतिहासात एक योगायोग मजेशीर आहे. अल-गेंदी हे अरबी नाव आपण ‘अल-जुंदी’ म्हणून वाचतो. इजिप्तमध्ये ‘ज’चा उच्चार ‘ग’ करतात म्हणून ते गेंदी. जुंदी म्हणजे शिपाई. अधिकाऱ्यांसाठी काढलेल्या खेळात विश्वविक्रम करणाऱ्याचे आडनावच शिपाई!

इजिप्त इथपर्यंत कसा पोहोचला?

इजिप्तला हा खेळ अगदीच परका म्हणता येणार नाही. मामलुक सुलतानांच्या काळात कैरोमध्ये ‘फुरूसिया’ची मोठी परंपरा होती. फुरूसिया म्हणजे घोडेस्वारी, तिरंदाजी, भाला आणि तलवार यांची शिस्तबद्ध तालीम. त्यासाठी शहरात खास मैदाने होती आणि त्यावर ग्रंथही लिहिले गेले. आपल्या घरांत वडीलधारी मंडळी हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने एक नसीहत सांगतात, की मुलांना पोहणे, नेम धरणे आणि घोड्यावर बसणे शिकवा. या खेळातले तीन प्रकार त्या एका वाक्यात येतात.

पण फक्त परंपरेने पदक मिळत नसते. पदक मिळते ते सरावाच्या सोयी, प्रशिक्षक आणि सातत्याने. इजिप्तने या खेळात गुंतवणूक केली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१७ आणि २०२१ मध्ये कैरोत झाली, २०२२ मध्ये अलेक्झांड्रियात. सहा वर्षांत तीनदा जगातले सर्वोत्तम खेळाडू त्यांच्या घरी येऊन खेळले. तिथल्या लहान मुलांनी ते समोर पाहिले. कैरोत खेळ हे प्रामुख्याने क्लबांमधून वाढतात आणि एकाच क्लबमध्ये तलाव, धावपट्टी आणि तलवारबाजीचा हॉल मिळतो. पाच खेळांसाठी पाच ठिकाणी धावावे लागले नाही, तर आई-वडिलांचा अर्धा ताण तिथेच कमी होतो.

आणि ही वाट फक्त मुलांनी बनवली नाही. अहमदच्या कितीतरी आधी आया मदनी या इजिप्शियन मुलीने १५ व्या वर्षी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला. नंतर ती बीजिंग आणि लंडनलाही खेळली. आया हिजाब घालते. २०१० पासून पोहण्याच्या स्पर्धांत अंगभर पोशाखावर बंदी आली. महिलांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचाच पोशाख चालेल, असा नियम झाला. तो नियम वेगाचा गैरफायदा रोखण्यासाठी होता, पण त्याचा फटका आयासारख्या मुलींना बसला. तिने ही अडचण जाहीरपणे मांडली. मुलगी खेळात पुढे जात असेल तर तिच्या श्रद्धेसाठी नियमांत जागा कशी काढायची, हा प्रश्न आपल्या घरांतही येतो. तो घरातल्यांनी, प्रशिक्षकांनी आणि संघटनांनी मिळून सोडवायचा असतो. एकट्या मुलीवर सोडून चालत नाही.

घोडा का गेला?

पॅरिसची ती अंतिम लढत आणखी एका कारणाने ऐतिहासिक आहे. ऑलिम्पिकमध्ये घोड्यावर बसून हे सोने जिंकणारा अहमद हा शेवटचा पुरुष खेळाडू. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारी नसेल.

याचे मूळ टोकियोत आहे. ६ ऑगस्ट २०२१ ला महिलांच्या अंतिम फेरीत जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. चिठ्ठीत तिला ‘सेंट बॉय’ नावाचा घोडा मिळाला. घोडा घाबरलेला होता, अडथळ्यांकडे जायलाच तयार नव्हता. आनिका रडत रडत चाबूक मारत राहिली. तिच्या प्रशिक्षिकेने बाहेरून घोड्याला ठोसा मारला. हे सगळे जगभर थेट दिसले. प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढले गेले, पण मुक्या जनावरावरचा हा जुलूम लोक विसरले नाहीत. काही महिन्यांतच आंतरराष्ट्रीय संघटनेने घोडेस्वारी काढायचे ठरवले. अनेक खेळाडूंनी विरोध केला. आयुष्यभर जे शिकलो तेच काढून टाकणार का, असा त्यांचा सवाल होता. त्यात तथ्य होतेच.

घोड्याच्या जागी आता अडथळ्यांची शर्यत येते आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या निंजा स्पर्धांसारखी: लोंबकळत जायचे, कड्या पकडायच्या, भिंत चढायची. या बदललेल्या खेळाला २०२८ च्या कार्यक्रमात जागा देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात झाला. आणि ते अधिवेशन भरले होते आपल्या मुंबईत! क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये आले म्हणून आपण त्याच अधिवेशनाच्या बातम्या वाचल्या, पण पेंटॅथलॉनचा फैसलाही तिथेच लागला.

आपल्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

भारताला या खेळात अजून ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. घोडा हे त्यामागचे एक मोठे कारण. तलवार आणि पिस्तूल एक वेळ संस्थेकडून मिळेल, पण घोडेस्वारीचा सराव? मुंब्रा, मालेगाव किंवा मिरजेतल्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा रोज घोड्यावर कुठे बसणार? स्टॉकहोमपासून पॅरिसपर्यंत ११२ वर्षे या खेळाच्या दारावर तो घोडा उभा होता. आता तो बाजूला झाला आहे. भिंत चढायला आणि लोंबकळायला आपल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या ताकदीला शिस्त लावायची गरज आहे.

महाराष्ट्रासाठी ही गोष्ट फार दूरची नाही. २०२३ साली गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मॉडर्न पेंटॅथलॉनचा समावेश होता आणि महाराष्ट्राच्या खेळाडूंनी त्यात पदके मिळवली. या खेळाचे सोपे, लहान प्रकारही आहेत. सुरुवात तिथूनच करायची असते:

बायथल: धावणे, पोहणे, पुन्हा धावणे. यासाठी तलाव आणि रस्ता एवढेच हवे.
ट्रायथल: धावणे आणि पोहण्याबरोबर लेझर पिस्तुलाची नेमबाजी.
लेझर रन: धावणे आणि नेमबाजी. पोहता येत नसले तरी चालते.

ज्या अम्मी-अब्बांना मुलांची आवड ओळखायची आहे, त्यांच्यासाठी काही साध्या सूचना. पहिली गोष्ट पोहणे. पाचही प्रकारांत हेच मोठेपणी शिकायला सर्वांत अवघड जाते, म्हणून लहानपणीच तलावावर न्या, मुलींनाही. मुलींसाठी वेगळी वेळ आहे का, महिला प्रशिक्षक आहे का, हे तलावावर जाऊन विचारा. नसेल तर मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून मागणी करा. एकट्याच्या विनंतीपेक्षा पाच घरांची विनंती जास्त ऐकली जाते. दुसरी गोष्ट धावणे, त्याला खर्च नाही. या दोन गोष्टी दोन-तीन वर्षे टिकल्या तर मग तलवारबाजी आणि नेमबाजीचा विचार करा. पहिल्याच महिन्यात महागडे सामान घेऊ नका. आणि कोणत्याही क्लासमध्ये पैसे भरण्याआधी तो जिल्हा किंवा राज्य संघटनेशी जोडलेला आहे का, ते नक्की तपासा. नाहीतर मूल मेहनत करत राहते आणि स्पर्धेच्या वेळी कळते की नोंदणीच होत नाही.

अभ्यासाचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येणारच. पेंटॅथलॉन मुलाला एक सवय लावते, जी अभ्यासातही उपयोगी पडते: एक विषय कच्चा आहे म्हणून बाकीचे चार सोडायचे नाहीत. ज्याचे पोहणे चांगले पण तलवार कमजोर, तो रोज थोडी तलवार सुधारतो. पाचही विषयांत पास व्हावेच लागते, एकात शंभर मिळवून चालत नाही.

अहमद अल-गेंदी टोकियोत पाच सेकंदांनी हरला तेव्हा २१ वर्षांचा होता. त्या वयात आपल्या घरांत मुलाला विचारले जाते, आता पुढे काय? त्याच्या घरच्यांनीही विचारले असेल. त्याचे उत्तर यायला तीन वर्षे लागली. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये तो पुन्हा उतरला, तर घोड्याशिवायचा नवा खेळ त्यालाही नव्यानेच शिकावा लागेल. अडथळ्यांच्या त्या शर्यतीत विश्वविक्रमवीर आणि आपल्या गल्लीतला भिंतीवर चढणारा पोरगा, दोघांनाही सुरुवात पहिल्या पायरीपासूनच करायची आहे.